परतीची गाडी

लातूरच्या बसस्थानकावरील चौकशीच्या खिडकीशी आम्ही गेली काही वर्षे एकच प्रश्न घेऊन जात आहोत. जाणारी गाडी केव्हा सुटते हे आम्ही फारसे विचारत नाही. ती केव्हातरी सुटतेच. आम्ही विचारतो ते हे, की त्या गावाहून लातूरकडे येणारी शेवटची गाडी किती वाजता. आमच्यापैकी काही जण साहित्य शिकवतात, काही शिकतात. मोटार कोणाकडे नाही, वसतिगृहाचे दार रात्री ठरलेल्या वेळी बंद होते आणि हाती असतो तो फक्त रविवार. अशा मंडळींनी शहराबाहेर एका दिवसात कोठे जाऊन यावे, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ आहे. परंतु त्याचे उत्तर शोधताना आम्ही ज्या इतिहासात शिरलो तो किरकोळ नाही असे आम्हांस वाटू लागले, म्हणून हा लेखनप्रपंच.

निमित्त घडले ते असे. पावसाळा सरत आला होता आणि पुढच्या रविवारची चर्चा चालली होती. औसा झाले होते, खरोसा झाले होते, निलंगा आणि उदगीरही झाले होते. कोणीतरी म्हणाले, "किल्लारीला जाऊ." त्यावर क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग आमच्यातील एक विद्यार्थिनी, जिचे आजोळ त्याच भागातले, हळूच म्हणाली, "सहलीला? किल्लारीला?"

'सहल' हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. मुळात त्याचा अर्थ सोपे, विनासायास. श्रम न पडता जे फिरणे होते ती सहल. त्या मुलीच्या प्रश्नात शब्दाचा हा जुना अर्थ अचानक जागा झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे गाव जमिनीस मिळाले, तेथे सोपेपणाने जाता येते काय, आणि जावे काय? त्या दिवशी आम्ही निर्णय घेतला नाही. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही आणि तो सोडवण्यासाठी आम्हांस बराच मागचा रस्ता चालावा लागला.

एका दिवसात जाऊन येणे, आणि तेही काही कामाशिवाय, ही कल्पना मराठी माणसाच्या जुन्या प्रवासशास्त्रात बसत नाही. त्याच्याकडे यात्रा होती, वारी होती, जत्रा होती, आठवड्याचा बाजार होता आणि लग्नकार्य होते. प्रत्येकास कारण होते आणि बहुतेकांस मुक्काम होता. महानुभावांची स्थानपोथी हा मराठीतला स्थलवर्णनाचा आद्य ग्रंथ म्हणता येईल. चक्रधरस्वामी कोठे बसले, कोठे जेवले, कोठे पहुडले, कोठे वस्तीला राहिले याची नोंद तिच्यात आहे. देवळाचे दार कोणत्या दिशेस आहे इतके बारकावे ती टिपते. स्थळाला महत्त्व येते ते तेथे कोणीतरी थांबल्यामुळे, ही तिची धारणा. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' घ्या. १८५७ च्या धामधुमीत सापडलेला हा वरसईचा ब्राह्मण दक्षिणा मिळवण्यासाठी निघाला होता. पाहणे हे त्याच्या वाट्यास आनुषंगिक आले, आणि तेच आज आपण वाचतो. पुढे विसाव्या शतकात प्रवासवर्णन बहरले, पण ते बहुधा बोटीने आणि विमानाने गेले. अनंत काणेकरांनी युरोप आणि रशिया पाहिला, पु. ल. देशपांड्यांनी 'अपूर्वाई'त इंग्लंड पाहिले. चाळीस किलोमीटरवरच्या गावाला एस.टी.ने जाऊन संध्याकाळी घरी परतणाऱ्या माणसासाठी मराठीत वाङ्मयप्रकार नाही. शालेय निबंध तेवढा आहे: 'आमची सहल'.

अपवाद एक सांगता येईल. इरावती कर्वे यांचा 'वाटचाल' हा लेख. त्यांनी वारी पाहिली ती वारीत चालून, शेजारच्या बाईच्या पावलाशी पाऊल जुळवून. त्या लेखाकडे आम्ही पुन्हा येणार आहोत, कारण किल्लारीच्या गाडीत आम्हांस त्याची आठवण झाली.

आता वाहनांकडे वळू. लातूरला पहिली आगगाडी पोचली ती १९११ साली. बार्शी लाइट रेल्वेची ही अडीच फूट रुंदीची लहान गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत सुरू झाली होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याचे ते अपत्य. दुसऱ्या टोकाला ती पंढरपूरला आणि १९२७ साली मिरजेला जाऊन भिडली. तिच्या पोटापाण्याची सोय दोन गोष्टींवर होती: शेतमाल आणि वारकरी. तिचा वेग हा थट्टेचा विषय होता, आणि जुनी माणसे अजूनही ती थट्टा प्रेमाने करतात. परंतु ती लहान-लहान स्थानकांवर थांबे आणि दिवसा धावे, हे विसरता कामा नये. २००७-०८ मध्ये हा मार्ग रुंद झाला. लातूरकरांना मुंबईची थेट गाडी मिळाली. ती रात्री निघते आणि सकाळी मुंबईत उतरवते. मधली गावे झोपेत मागे पडतात. रूळ रुंद झाले ही चांगलीच गोष्ट, तिला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरचे नळ आटले तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी आली ती याच वाटेने, आणि ती लहान रुळांवर येणे अवघड होते. पण फिरस्त्याच्या दृष्टीने पाहिले तर रेल्वे आमच्या हातून गेली. तिचे तोंड राजधानीकडे झाले.

गाडीचे तोंड कोणीकडे आहे, हाच मराठवाड्याच्या प्रवासाच्या इतिहासातला कळीचा प्रश्न आहे असे आमचे मत बनले आहे. हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता तेव्हा राजधानी हैदराबाद. तेथील सरकारने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी सरकारी मोटारसेवा सुरू केली, आणि ती रेल्वेखात्याच्याच अखत्यारीत होती. हिंदुस्थानात सरकारने स्वतः बस चालवण्याच्या पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक, हे पुण्या-मुंबईकडच्या वाचकांस बहुधा ठाऊक नसते, त्यांचा एस.टी.चा इतिहास १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेलेल्या गाडीपासून सुरू होतो. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले, १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ स्थापन होऊन मराठवाड्याच्या गाड्या आणि पश्चिम महाराष्ट्राच्या गाड्या एका नावाखाली आल्या. पुढे १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा झाला. कचेरी जिकडे, गाडी तिकडे. औसा, निलंगा, अहमदपूर, उदगीर येथील माणसाचे सातबाऱ्याचे, कोर्टाचे, दवाखान्याचे काम लातुरात आले, आणि 'लातूर पॅटर्न'चा बोलबाला झाल्यावर त्याची मुलेही आली.

या सगळ्याचा परिपाक म्हणजे मुक्कामी गाडी. शहरी वाचकांसाठी सांगितले पाहिजे: संध्याकाळी शहरातून निघालेली शेवटची गाडी खेड्यात पोचते, चालक आणि वाहक तेथेच रात्र काढतात आणि तीच गाडी पहाटे-सकाळी गावकऱ्यांना घेऊन शहराकडे निघते. तिच्यावर खेड्याचे घड्याळ लागते. दूध, शाळा, बाजार, तारीख, ऑपरेशन, सारे तिच्या वेळेवर. मुक्कामी गाडी असणे हे गावाला भूषण असते, आणि ती बंद झाली की गाव रस्त्यावर येते, दोन्ही अर्थांनी. म्हणजे सगळे वेळापत्रक सकाळी शहराकडे आणि संध्याकाळी गावाकडे, असे भरती-ओहोटीसारखे आहे. शहरातून सकाळी निघून संध्याकाळी परतू पाहणारा माणूस या प्रवाहाच्या नेमका उलट पोहतो. सकाळी त्याला गाडी रिकामी मिळते, दुपारी मिळत नाही, आणि संध्याकाळी गावातून शहराकडे येणारी गाडी हे एक प्रकारचे नशीब असते. ती केवळ रिकामी परत न्यायची म्हणून येते. आमची सगळी स्थळनिवड या एका गाडीवर ठरत आली.

त्या हिशेबाने आमच्या अनुभवातली चार स्थळे पाहावीत.

औसा वीस किलोमीटरवर, आणि गाड्या इतक्या की तेथे जाणे ही सहल वाटतच नाही. पण येथील भुईकोट पाहण्याजोगा आहे. डोंगरी किल्ला दुरून दिसतो आणि जवळ गेल्यावर दमवतो. औशाचा किल्ला दुरून दिसत नाही; सखल जागी, खंदकाच्या आत, दुहेरी तटबंदीत तो दडून बसला आहे. बहमनी, निजामशाही आणि १६३६ नंतर मोगल, असे त्याचे धनी बदलत गेले. उदगीरही त्याच साली मोगलांकडे गेले. मात्र मराठी वाचकाच्या मनात उदगीर म्हटले की १७६० च्या फेब्रुवारीतली सदाशिवरावभाऊंची निजामावरची स्वारी येते, कारण तिच्यापाठोपाठ, वर्षभरात, पानिपत आहे. उदगीरला जाण्यायेण्यात चार तास जातात. किल्ल्यातल्या उदागीरबाबांच्या स्थानाशी पोचेपर्यंत ऊन चढलेले असते आणि मनात परतीची गाडी वाजू लागते.

निलंग्याचे नीलकंठेश्वराचे देऊळ मात्र धीराने पाहावे. तीन गाभाऱ्यांचे, उत्तर चालुक्य वळणाचे हे मंदिर बाराव्या-तेराव्या शतकातले. बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी पाहताना आमच्यातील संस्कृतच्या विद्यार्थ्यांना काव्यशास्त्रातल्या नायिका आठवल्या, आणि मराठीच्या विद्यार्थ्यांना भूक लागली. बसस्थानकापासून पायी जाता येते हा या स्थळाचा मोठा गुण.

खरोसा हे आमचे सर्वांत लाडके ठिकाण. लेणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काळा बेसाल्ट येतो. खरोसा आहे जांभ्या दगडात. दगड सच्छिद्र आणि ठिसूळ, त्यामुळे मूर्ती झिजून त्यांचे चेहरे गेले आहेत आणि फक्त पवित्रे उरले आहेत. नरसिंह ओळखू येतो तो हातांच्या हालचालीवरून. जेम्स बर्जेसने १८७० च्या दशकात निजामाच्या मुलखातील प्राचीन वास्तूंची पाहणी केली तेव्हा या लेण्यांची नोंद घेतली. तो आणि फर्ग्युसन यांच्या भारतीय लेण्यांवरील १८८० च्या ग्रंथातही ती आहेत. बर्जेस येथे तंबू, नोकर आणि सामानसुमान घेऊन आला असणार. आम्ही लामजना पाटीवरून काळ्या-पिवळ्या जीपमध्ये, मागच्या बाजूस पाय अधांतरी ठेवून गेलो. तेव्हा चौघांच्या जागेत अकरा जण होतो. त्यात एक शेळी धरली तर बारा.

'पाटी' या शब्दावर थोडे थांबले पाहिजे. मराठवाड्यात गाव रस्त्यापासून आत असते. रस्त्यावर असते ती त्याच्या नावाची पाटी. गाडी पाटीवर थांबते, उतरणारा पाटीवर उतरतो. हळूहळू तेथे चहाची टपरी येते, पंक्चरचे दुकान येते, मग खताचे दुकान, आणि 'पाटी' हेच एक वेगळे स्थळ होते. एखाद्या गावच्या पाटीवर राहणारा माणूस त्या गावात राहतो असे म्हणता येत नाही. लिहिलेला शब्द आधी आला आणि वस्ती त्याच्याभोवती मागून जमली, असा हा प्रकार. भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी याच्याकडे लक्ष द्यावे.

आणखी दोन तारखा या हिशेबात घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २०२१ च्या ऑक्टोबरच्या अखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप चालला, आणि आमच्या वर्गातल्या खेड्यांतून येणाऱ्या मुली त्या काळात दिसेनाशा झाल्या. काही परत आल्या, काहींची लग्ने झाली. दुसरी तारीख १७ मार्च २०२३: महिलांना अर्धे तिकीट. त्यानंतर गाडीचे दृश्य बदलले. एरवी नवऱ्याने किंवा मुलाने 'काय काम आहे' विचारले असते अशा बाया माहेरी, बहिणीकडे, देवाला निघालेल्या दिसू लागल्या. बिनकामाचा प्रवास हा आजवर शहरी पुरुषाचा हक्क होता. तो अर्ध्या तिकिटाने थोडा वाटला गेला.

याच गर्दीतून, एका रविवारी, आम्ही अखेर किल्लारीला निघालो. आजोळवाली मुलगी आमच्याबरोबर होती. तिनेच सांगितले होते की जाऊ, पण गाडी करून जायचे नाही, एस.टी.नेच जायचे. कारण तिने दिले नाही, आम्ही विचारले नाही.

लातूर-औसा-लामजना-किल्लारी असा हा रस्ता त्रेचाळीस-चव्वेचाळीस किलोमीटरचा. औशानंतर गाडीत बसायला जागा उरली नव्हती. आमच्यातील एकीच्या शेजारी एक म्हातारी बसली होती, मांडीवर औषधांची पिशवी. तिने थोडा वेळ आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "कुणाकडं जायलाव?"

एस.टी.त वर्षानुवर्षे फिरलेल्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. आपल्याला तो आजवर रीतीचा, बोलणे सुरू करण्यापुरता वाटत आला. पण त्या दिवशी त्याचे व्याकरण लक्षात आले. 'कुठं' असे तिने विचारले नव्हते. ते गाडीच्या पाटीवर लिहिलेलेच होते. या गाडीत बसणारा प्रत्येक जण कोणाकडे तरी जातो. गाव हे तिच्या लेखी स्थळ नव्हते, माणसे होती. आमच्याकडे उत्तर नव्हते. "आजी, असंच, बघायला," असे आमच्यातला एक जण म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याला आपल्या शब्दाची लाज वाटली असावी.

'बघायला' या शब्दाला किल्लारीत इतिहास आहे. १९९३ च्या त्या आठवड्यात लांबलांबून माणसे तेथे गेली. मदतीला गेली तशीच नुसती बघायलाही गेली. बघ्यांच्या गर्दीने रस्ते अडले आणि मदतीच्या गाड्यांना वाट मिळेना, हे त्या काळच्या वृत्तान्तांत वाचावयास मिळते. अनंत चतुर्दशी आदल्या दिवशी, २९ सप्टेंबरला होती. रात्री उशिरापर्यंत गणपतींचे विसर्जन करून गावे नुकती झोपली होती. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगाच्या हिशेबात हा काही सर्वांत मोठा भूकंप नव्हे. पण तो जमिनीच्या फार वरच्या थरात झाला आणि वर घरे होती ती माळवदाची. जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या, वर लाकडी तुळया, त्यावर गढीची पांढरी माती, आणि ती दर पावसाळ्याआधी नव्याने टाकून वाढत गेलेली. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार असे हे शहाणे घर पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने घडले होते. त्या अनुभवात भूकंप नव्हता. ज्यांनी अधिक जाड भिंती बांधल्या, अधिक माती टाकली, म्हणजे ज्यांचे बरे चालले होते, त्यांच्या घरांनी अधिक जीव घेतले असे गावोगाव ऐकावयास मिळते. मृतांचा आकडा अधिकृत नोंदीत आठ हजारांच्या जवळपास आणि इतर अंदाजांत दहा हजारांपर्यंत जातो. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद हे दोन जिल्हे. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी, तळणी, पेठसांगवी अशी तेरणेच्या आसपासची गावे. बावन्न गावे जुन्या जागेवरून उठवून नव्या जागी वसवली गेली.

जमीन बोलली नव्हती असेही नाही. १९९२ सालीच या भागात धक्के बसत होते आणि लोक घाबरले होते. पण नकाशा त्यांच्या विरुद्ध होता: देशाच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या तेव्हाच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत सुरक्षित अशा पहिल्या पट्ट्यात येत होता. २००२ च्या नकाशाने तो पट्टाच काढून टाकला आणि लातूर तिसऱ्यात गेले. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. ३३८ मीटर बेसाल्ट संपल्यावर खाली अतिप्राचीन खडक लागला. दक्खनच्या पठाराखाली काय आहे याचे ज्ञान जगाला या गावाने दिले. ते ज्ञान गावाने किती मोल देऊन दिले हे पुन्हा सांगावयास नको.

आम्ही उतरलो ते नव्या किल्लारीत. नवे गाव पाहताना पहिली गोष्ट जाणवते ती रस्त्यांची रुंदी. जुन्या मराठवाडी गावात गल्ली अशी असते की दोन ओट्यांवरच्या दोन बाया आवाज न चढवता बोलू शकतात. येथे सरळ रेषेत आखलेल्या चौकोनांत घरे मोकळी-मोकळी उभी आहेत. ती सुरक्षित आहेत, आणि ज्याने एकदा माती उपसून माणसे काढली त्याला ही मोकळीक किती हवीशी असेल याची कल्पना बाहेरच्याने करू नये. पुनर्वसनावर टीका करणारे लेख आम्ही वाचले आहेत. त्यांतले बरेचसे खरे आहे. गल्ली गेली, ओटा गेला, भावकीची शेजारपणे तुटली, शेतजमीन घरांखाली गेली. पण त्या लेखांत जे सापडत नाही ते आम्ही पाहिले: तीस वर्षांत लोकांनी त्या चौकोनांना पुन्हा गाव केले आहे. कोणी पुढे पडवी काढली, कोणी ओटा बांधला, कोणी कडुनिंब लावला आणि त्याच्याखाली आता पारासारखी बैठक झाली आहे. आखणाऱ्याने सोडलेली जागा वापरणाऱ्याने भरली. स्थानपोथीच्या भाषेत सांगायचे तर येथे आता 'वसती' झाली आहे.

जुन्या गावाकडे जाताना मुलगी पुढे होती. तेथे काय पाहिले याचे वर्णन आम्ही थोडक्यात करतो, कारण अधिक करणे प्रशस्त वाटत नाही. स्मृतिस्तंभ आहे, दर वर्षी ३० सप्टेंबरला तेथे मानवंदना होते, नातेवाईक जमतात. आसपास झुडपे आणि मातीत मिसळत चाललेले दगड. कोणता दगड भिंतीचा आणि कोणता रानातला हे आता आम्हांस सांगता आले नाही. छायाचित्र कोणी काढले नाही. तसे ठरले नव्हते.

परतताना एका घरी आम्ही पाणी मागितले आणि चहा मिळाला. घरातले गृहस्थ भूकंपाच्या वेळी शाळकरी होते. त्यांचा धाकटा भाऊ त्या सुमारास पुण्याला नेलेल्या मुलांपैकी एक. भारतीय जैन संघटनेने त्या वेळी भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्यात नेली होती. आम्ही आपल्या एका दिवसाच्या प्रवासाचा हिशेब मांडत होतो. त्या मुलांच्या प्रवासाला परतीची गाडी कोणती धरावी? भाऊ आता पुण्यातच नोकरीला असतो आणि दिवाळीला येतो, असे ते म्हणाले. मग त्यांनीही विचारले, "इकडं कुणाकडं आलतात?"

या वेळी मुलीने उत्तर दिले. तिने आपल्या आजोबांचे नाव आणि गाव सांगितले. गृहस्थांनी थोडा विचार केला, दोन-तीन नावे घेतली, एका लग्नाचा संदर्भ लागला, आणि पाच मिनिटांत असे निघाले की ते तिचे दूरच्या नात्याने मामा लागतात. त्यानंतर आमचा दर्जा बदलला. चहानंतर भुईमुगाच्या शेंगा आल्या, आणि आम्ही त्या मुलीकडे आलेले पाहुणे झालो. इरावतीबाईंचा लेख आम्हांस आठवला तो येथे. त्यांनी वारीत पाहणे आणि चालणे यांत फरक राहू दिला नव्हता. आम्ही तितके केले नाही. फक्त गाडीत एका बाकावर बसलो होतो. मात्र स्वतंत्र मोटारीने आलो असतो तर त्या म्हातारीने तो प्रश्न विचारला नसता, आणि आम्ही स्तंभ पाहून पुढच्या स्थळाकडे निघून गेलो असतो. किल्लारीपुरते तरी वाहनाची निवड ही नैतिक निवड होती, असे आम्ही मानतो. आमच्यातील दोघांना हे विधान अतिशयोक्त वाटते आणि त्यांचा आक्षेप येथे नोंदवून ठेवतो. त्यांचे म्हणणे असे, की एस.टी.त बसल्याने कोणी बघ्याचा पाहुणा होत नाही. त्या दिवशी योगायोगाने मुलगी बरोबर होती, इतकेच. यावर आमच्यात अजून वाद आहे.

मामांनी आम्हांस फाट्यापर्यंत सोडले. लातूरकडे जाणारी गाडी आली तेव्हा उन्हे उतरली होती, आणि अपेक्षेप्रमाणे ती जवळजवळ रिकामी होती. समोरून किल्लारीकडे जाणारी गाडी आमच्याशेजारी क्षणभर थांबली. दारात लोंबकळणारी मुले, खिडकीत पिशव्या, टपावर काय आहे ते दिसले नाही. दोन्ही चालकांनी खिडकीतून काहीतरी एकमेकांना सांगितले. मग वाहकाने दोनदा घंटी ओढली, आणि मुलगी म्हणाली की मामांनी पुढच्या ३० सप्टेंबरला बोलावले आहे. तेव्हा मात्र मुक्कामाला यायचे.